ह्यांना कोबी चालत नाही

वजन उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तरुणपणी मी एवढी बारीक होते की वादळ आलं की हे मला सायकलच्या दांडीला दोरीने बांधून घरी आणायचे. इथे ताइनानमध्ये ते बघितलेली माणसं अजून जिवंत आहेत. निदान एक तरी असेल.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टर शू म्हणाली, "आजी, साखर चढलीय, रक्तदाब चढलाय, हृदय बिचारं ओझं वाहून दमलंय, वजन उतरवा," तेव्हा मी नुसती हसले.

माझा मुलगा हसला नाही. फोनवर म्हणाला, "आई, शरदातल्या पौर्णिमेपर्यंत उतरलं नाही तर तुला तैपेईला घेऊन येणार. घराला कुलूप."

"आणि तुझे बाबा?"

"आई, बाबा गेले."

"गेले कुठे? हे काय समोर बसलेत."

समोर म्हणजे पितरांच्या देव्हाऱ्यात, फोटोत. मुलाच्या घरात देव्हाऱ्याला जागा नाही. तिथे टीव्ही आहे. म्हणजे मी गेले की ह्यांना इथे कुलपात एकटं बसावं लागणार.

आता खरी अडचण ऐका. मी जाड झाले ती ह्यांच्यामुळेच. रोज संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे ताट ठेवते. हे त्यातला वास तेवढा खातात, बाकीचं मला संपवावं लागतं. दोघांचं जेवण आणि पोट एक.

म्हटलं, ह्यांनाच पथ्यावर ठेवू. उकडलेला कोबी पुढे ठेवला आणि कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे असतात, ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की 'हो'. दोन्ही पालथे पडले की 'नाही'. दोन्ही उताणे पडले की समोरचा हसतोय.

"अहो, आजपासून कोबी चालेल?"

दोन्ही पालथे.

"थोडं आलं घालते."

पालथे.

"माझ्या हृदयासाठी तरी?"

दोन्ही उताणे. हसतायत मेले!

"बरं, सोयाच्या रश्शातलं डुकराचं मटण?"

एक उताणा, एक पालथा. वर त्यातला एक तुकडा आनंदाने कपाटाखाली जाऊन बसला.

मग मी डोकं लढवलं. मटण ह्यांना, कोबी मला, आणि ह्यांचं उरलेलं तळमजल्यावरच्या लूभाऊजींना. ह्यांचे बुद्धिबळातले सोबती. बायको गेल्यापासून तेही एकटेच. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वाडगा घेऊन उतरायचं आणि परत चढायचं, व्यायामही फुकटात.

"वहिनी, हे कशाबद्दल?" भाऊजींनी विचारलं.

"ह्यांनी पाठवलंय."

"त्याने? जिवंतपणी कधी साधा चहा पाजला नाही."

रोज वाडगा खाली जायला लागला. समोरच्या फळवालीने पाहिलं आणि आठवड्याभरात बातमी तैपेईला पोचली.

"आई, तू लूकाकांना रोज जेवायला देतेस?"

"मी कुठे? तुझे बाबा देतात."

त्याने घाईने फोन ठेवला. डॉक्टर शूला लावायला, हे मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शूने मला बोलावून आज वार कोणता, ते विचारलं. मी वार सांगितला, तिथी सांगितली, तिचं लग्न का ठरत नाही तेही सांगितलं. मग तिने घाईघाईने मला काट्यावर उभं केलं.

"आजी, चार किलो उतरले की! गेले कुठे?"

एवढ्यात दार उघडून लूभाऊजी आत आले. सदऱ्याची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सापडले."

परतताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मटण नको. डॉक्टर पोरीने बंद केलंय."

"बरं."

"दारावर टकटक झाली की बरं वाटायचं, एवढंच."

मी जिना चढले. चौथा मजला त्या दिवशी सातवा झाला होता.

त्या संध्याकाळी ह्यांना न विचारताच कोबी वाढला. मटण संपवायला आता खाली कोणी नव्हतं, दुसरा इलाजच नव्हता. पौर्णिमेला मुलगा आला, मला काट्यावर उभं केलं, आकडा बघून खूश झाला. मी जिंकले. टेबलावर पौर्णिमेच्या गोड मूनकेकचा डबा ठेवून तो सकाळच्या पहिल्या गाडीने परत गेला. डबा मी फळवालीला देऊन टाकला. बातमी पोचवायची मजुरी.

आता घरात मी, हे आणि कोबी.

ताट उचलण्याआधी 'जेवण झालं का' हाही कौल लावावा लागतो. मटण असायचं तेव्हा पहिल्याच फेकीला 'हो'. हयातीतही तसंच होतं. भराभर जेवायचे आणि बुद्धिबळाला पळायचे, मी मागे बसून एकटी जेवायची.

पण कोबीवर बसले की उठतच नाहीत.

"झालं का हो?" पालथे.

मग मी बसते. फळवाली काय म्हणाली ते सांगते, गुडघ्याचं सांगते, मुलाचा फोन आला नाही ते सांगते.

"आता झालं?" पालथे.

कोबी गारढोण होतो. खाली भाऊजींचा रेडिओ बंद होतो. ह्यांचं आपलं चाललेलंच.

तुकडे हातातच पालथे धरून अलगद सोडले, की ते हमखास पालथे पडतात, हे मला हल्ली कळलंय. डॉक्टरला सांगू नका हं. पुन्हा वार विचारत बसेल.