अप्पांची गाडी आणि दाताचे डॉक्टर

गाडीचा डावा दरवाजा सकाळी साडेनऊपर्यंत होता. पावणेअकराला तो नव्हता. कोणी चोरला नव्हता, कोणी काढून ठेवलाही नव्हता. डॉक्टरांनी तो खरवडला होता.

"मास्तर, आत सगळं किडलेलं होतं रे," डॉक्टर हातातला छोटा आरसा पुसत म्हणाले. "वरून नुसता रंग. एवढंसं टोकरलं आणि हात आरपार."

मास्तरांनी खाली पाहिलं. अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तपकिरी भुकटीचा ढीग होता. शेजारी दोन बिजागऱ्या, एक हँडल आणि तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा.

"एवढाच राहिला?"

"हो. पण निरोगी आहे."

मास्तर पालथ्या बादलीवर बसले. गेल्या चार महिन्यांत ते या बादलीवर इतक्यांदा असे मटकन बसले होते, की बादलीचं बूड आत गेलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. डॉक्टर त्यांचे बालमित्र. यांनी तेवढीच वर्षं लोकांचे दात तपासले आणि मग एक दिवस हात थरथरायला लागले म्हणून दवाखाना बंद केला. माणसाच्या तोंडात चालत नाहीत ते हात गाडीवर चालतील, अशी कल्पना दोघांपैकी नेमकी कोणाची, यावर आता एकमत होत नव्हतं. गाडी मात्र अप्पांची, म्हणजे मास्तरांच्या वडिलांची होती, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. अप्पांनी ती तीस वर्षं स्वतः चालवली होती. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. मुलाला फक्त धुवायची परवानगी होती, आणि तीही देखरेखीखाली.

अप्पा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात पडले. हाड जुळलं, पण अप्पा वरच्या मजल्यावरच्या खोलीत जे बसले ते बसलेच. जिन्याच्या अठरा पायऱ्या, आणि अप्पा म्हणायचे, "खाली माझं काय काम आहे?" हाडांच्या सर्जननी मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की हे आता चालले नाहीत तर पाय कायमचे जातील, आणि पाय गेले की मागोमाग बाकीचंही जाईल. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांना विचारलं, "गाडी नीट केली तर याल खाली?" अप्पांनी खूप दिवसांनी मान वर केली आणि म्हणाले, "चालू झाली की येईन."

म्हणून हा हौसेचा मामला नव्हता. मास्तरांना गाडी नको होती, वडील हवे होते.

अडचण एवढीच होती, की डॉक्टरांचा एक नियम होता. किडलेलं सगळं काढल्याशिवाय भरायचं नाही. दवाखान्यात या नियमानं त्यांचं नाव झालं होतं. गॅरेजमध्ये या नियमानं पहिल्या महिन्यात दोन्ही मडगार्ड गेले, दुसऱ्या महिन्यात डिकी, तिसऱ्यात टप. डॉक्टर रोज सकाळी नऊला आपली पेटी घेऊन यायचे, कपाळाला दिवा बांधायचे, गंजाच्या ठिपक्यावर आरसा धरायचे आणि "थोडं दुखेल हं," असं सवयीनं पुटपुटून टोकरायला लागायचे. ठिपक्याचं भोक व्हायचं, भोकाचं भगदाड. निरोगी पत्रा कुठेतरी पुढे असणार, या आशेवर ते भगदाडाच्या कडेकडेनं जात राहायचे आणि शेवटी पत्रा संपायचा.

"अरे, पण थोडं किडलेलं राहू दे की!" मास्तर एकदा कळवळून म्हणाले. "वरून पुट्टी मारू."

डॉक्टरांनी दिवा विझवला. "हे तू बोलतोयस?" एवढंच म्हणून त्या दिवशी लवकर घरी गेले. मास्तर दुसऱ्या दिवशी त्यांची समजूत काढायला गेले आणि त्या नादात डिकी वाचवायची राहून गेली.

वर अप्पांचे प्रश्न चालूच होते. अप्पा जेवताना दोन घास कमी खायचे, पण प्रश्न कमी करायचे नाहीत.

"मडगार्ड?"

"बसवला, अप्पा."

"बसवला? म्हणजे काढला होतास?"

"साफ करायला."

"जागेवर साफ होतो तो. मी तीस वर्षं करत होतो."

एका थापेला टेकू म्हणून दुसरी, असं करत मास्तर रंगापर्यंत पोचले. त्यांनी अप्पांना रंगांचं पुस्तक दाखवलं. अप्पांनी चष्मा मागवला, खिडकीशी खुर्ची सरकवून घेतली आणि दोन दिवस विचार करून गडद हिरवा निवडला. दोन वर्षांत त्यांनी कशाची निवड केली नव्हती. सूनबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. मास्तरांना मात्र आनंदही करता येईना, कारण रंग लावायला आता काही उरलं नव्हतं. शेवटी दोघा मित्रांनी तो तळहाताएवढा निरोगी तुकडा घेतला, त्याला तीन हात हिरवा रंग दिला आणि मास्तर तो वर घेऊन गेले.

अप्पांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "एवढाच का?"

"नमुना आहे, अप्पा."

"छान आहे," अप्पा म्हणाले. "दरवाजा शोभेल."

मास्तर तसेच खाली आले. तो नमुना नव्हता, तोच दरवाजा होता.

पुढच्या पंधरवड्यात अप्पा खालावले. प्रश्नही बंद झाले. सूनबाई म्हणाल्या, "अहो, आज त्यांनी गाडीचं विचारलंच नाही. मला भीती वाटतेय."

मास्तरांची पाचावर धारण बसली. ते धावत खाली आले. "डॉक्टर, काहीतरी कर! काय शिल्लक आहे आपल्याकडे?"

डॉक्टरांनी शांतपणे यादी वाचली. खालचा सांगाडा, चार चाकं, स्टिअरिंग, पुढची एक सीट आणि इंजिन. इंजिन डॉक्टरांच्या तावडीतून सुटलं होतं, कारण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं ते पहिल्याच आठवड्यात उचलून नेलं होतं आणि दुरुस्त करून लोखंडी घोडीवर परत आणून ठेवलं होतं. "इंजिन ठणठणीत आहे साहेब," जाताना तो म्हणाला होता. "बाकीचं तेवढं सांभाळा." डॉक्टरांना हा टोमणा होता हे अजून कळलं नव्हतं.

"इंजिन सुरू करू," मास्तर म्हणाले. "नुसता आवाज वर गेला तरी पुरे. अजून चार महिने आशेवर राहतील."

"चार महिन्यांनी काय?"

"ते चार महिन्यांनी बघू!"

बॅटरी जोडली. पेट्रोलचा डबा खिळ्याला टांगला. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं, डॉक्टरांनी बटण दाबलं, आणि इंजिन असं काही गरजलं की फळीवरचे खिळ्यांचे डबे खाली आले. धुराचा नळ डॉक्टरांनी दुसऱ्याच महिन्यात संपवला होता, त्यामुळे आवाजाला अडवायला काहीच नव्हतं. दोघं वेड्यासारखे हसत होते. तेवढ्यात वरून सूनबाईंचा आवाज आला.

"अहो! बंद करा! अप्पांनी बूट मागितलेत!"

मास्तरांनी बटण बंद केलं. "कशाला?"

"खाली येतायत!"

चालू झाली की येईन, असं अप्पा म्हणाले होते. चार महिने मास्तरांना त्यातलं 'येईन' तेवढं ऐकू येत होतं. 'चालू झाली की' म्हणजे 'चालू झाली की', हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. अप्पा शब्दाचे पक्के होते.

"पहिली पायरी!" सूनबाई वरून ओरडल्या. त्या अप्पांना धीर देत होत्या की नवऱ्याला सावध करत होत्या, कळत नव्हतं. बहुधा दोन्ही.

"झाकायचं!" मास्तर म्हणाले. गाडीचं जुनं कापडी आवरण कोपऱ्यात होतं. दोघांनी ते झटकून सांगाड्यावर टाकलं. ते थेट जमिनीला टेकलं. मेलेल्या बैलावर चादर टाकावी तसं दिसत होतं.

"पाचवी! हळू, अप्पा!"

पुढे बॉनेटच्या जागी बादली सरकवली. मागे डिकीच्या जागी रंगाचे डबे रचले. आता बरं दिसत होतं, पण मधोमध खड्डा होता.

"टप नाही!" मास्तरांना घाम फुटला.

"स्टूल?"

"स्टूल उंच आहे, गाडी देवळासारखी दिसेल! डॉक्टर, तू आत जा."

"मी?"

"ओणवा हो. टप हो!"

"मास्तर, माझी कंबर..."

"अकरावी!" सूनबाई ओरडल्या. अप्पांच्या काठीचा आवाज आता जवळ आला होता. डॉक्टरांनी आयुष्यभर मित्राचं ऐकलं नव्हतं, आज ऐकलं. ते आवरणाखाली शिरून सांगाड्यावर ओणवे झाले. मास्तरांनी कापड सारखं केलं. लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तर गाडी होती.

अप्पा गॅरेजच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात काठी. धापा टाकत होते, पण पायांवर उभे होते. मास्तर ते बघतच राहिले.

"आवाज बंद का केलास?" अप्पा म्हणाले.

"गरम होतं, अप्पा."

अप्पा पुढे आले. बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट थोडं सरकलं. कडेकडेनं चालत मधोमध आले आणि टपावर प्रेमानं तळवा फिरवला.

"टप नरम लागतोय," अप्पा म्हणाले.

"आतून गादी लावली आहे."

"वर-खाली होतोय."

टप खोकला. आधी दाबून, मग दोनदा मोकळेपणानं.

"डॉक्टर, बाहेर ये," अप्पा म्हणाले. "धूळ जाईल छातीत."

आवरण ओढलं गेलं. डॉक्टर रांगत बाहेर आले आणि मित्राच्या मागे उभे राहिले. अप्पांनी सांगाडा पाहिला, बादली पाहिली, डबे पाहिले. भिंतीशी वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून, 'डावा मडगार्ड', 'उजवा मडगार्ड', 'डिकी' अशा चिठ्ठ्या लावून ठेवलेली भुकटी पाहिली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. संपलं, त्यांना वाटलं. आपणच बापाची शेवटची आशा खरवडून पुड्या बांधून ठेवली.

"गाढवा!" अप्पा गरजले.

मास्तरांनी डोळे उघडले. दोन वर्षांत अप्पांचा आवाज खोलीच्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता.

"तीस वर्षं! तीस वर्षांत एक ओरखडा नव्हता! छत्तीस वर्षं भूगोल शिकवलास ना? नकाशा साफ करायला दिला तर देश पुसून टाकतोस? आणि तू रे! तुझ्या हातून लोकांची तोंडं कशी वाचली? त्या पुड्या काय ठेवल्यात? श्राद्ध घालणार होतात?"

"अप्पा, किडलेलं होतं..." डॉक्टर म्हणाले.

"मीही किडलेलोच आहे! मला खरवडतोस?"

पुढची दहा मिनिटं अप्पा थांबले नाहीत. काठी आपटत, सांगाड्याभोवती फेऱ्या मारत, एकेका पुडीसमोर थांबून त्यांनी दोघांचा उद्धार केला. मास्तर मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्रेसष्टाव्या वर्षी बापाच्या शिव्या खाताना इतकं बरं वाटेल, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दारात सूनबाई बोटं मोजत होत्या. सांगाड्याभोवती अप्पांच्या सात फेऱ्या झाल्या होत्या.

आठव्या फेरीला अप्पा अर्ध्यात थांबून काठीवर रेलले. डॉक्टरांनी चटकन पुढची सीट ओढली आणि त्यांना तीत बसवलं. अप्पांनी जरा दम घेतला. मग इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "चालू कर."

इंजिन गरजलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून सीटमध्ये टेकून बसले आणि पेट्रोलचा डबा संपेपर्यंत ऐकत राहिले.

आता प्रश्न वर जाण्याचा होता. पायांनी आजचं काम केलं होतं, त्यांनी उठायला साफ नकार दिला. सूनबाई दार उघडून ठेवायला पुढे गेल्या. दोघा मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं, निमूटपणे सीट दोन्ही बाजूंनी धरली आणि अप्पांसकट उचलली. पहिल्या पायरीला डॉक्टरांची कंबर बोलली, तिसरीला मास्तरांचा खांदा. अप्पा मधे ताठ बसले होते.

"डावीकडे ठेव. घासेल भिंतीला. वळणावर हॉर्न दिला नाहीस."

"पीं," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

अठरा पायऱ्यांना पंधरा मिनिटं लागली. चार ठिकाणी थांबावं लागलं. वर पोचल्यावर दोघं सीट टेकवून तिच्या दोन बाजूंना जमिनीवरच बसले. त्यांना श्वास पुरत नव्हता.

"आलात, अप्पा?" सूनबाईंनी विचारलं.

"चक्कर मारून आलो," अप्पा बुटाचे बंद सोडत म्हणाले. "उद्या नऊला परत काढू. गाडी तशी बरी आहे, चढावर जरा दमते."