नळीतला गुलाबी रंग

आजोबांनी काचेची नळी उन्हात धरली, चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर आणला आणि जाहीर केलं, "शून्य! पाण्यात क्लोरीन नावालासुद्धा नाही."

"काल तर माप भरून टाकलंत," आजी म्हणाली.

"तेच तर म्हणतोय. टाकलेलं जातंय कुठं?"

घरामागचा हा पोहण्याचा तलाव म्हणजे जावयाची हौस. खोलीएवढा लांबरुंद, आणि खोलीला मुंगीच्या हनुवटीपर्यंत. मुंगी म्हणजे आठ वर्षांची नात. जावई आठवडाभर कामाला बाहेरगावी गेला आणि जाताना तलाव सासऱ्यांच्या हवाली करून गेला. "रोज संध्याकाळी एक माप पावडर, बाबा. सकाळी ह्या नळीत तलावातलं पाणी घ्यायचं आणि बाटलीतले पाच थेंब टाकायचे. फिकट गुलाबी झालं की ठीक. रंग आला नाही तर क्लोरीन कमी." हे सांगायला जावयाला दोन मिनिटं लागली. आजोबांनी ते वहीत उतरवून घ्यायला अर्धा तास लावला. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस तो, अर्धी गोळीसुद्धा अंदाजानं देणं त्यांना कधी जमलं नाही.

यावेळी तर मामला नाजूक होता. सोमवारपासून मुंगीच्या शाळेत पोहण्याचे तास सुरू व्हायचे होते आणि अख्ख्या वर्गात पाण्यात डोकं न घालणारी ती एकटीच होती. आईनं समजावून झालं, बापानं आमिषं दाखवून झाली. मुंगीचं एकच म्हणणं, "खाली काय आहे ते मला दिसत नाही." शेवटी आजोबांनी तिला शब्द दिला होता. रविवारपर्यंत पाणी असं नितळ करून देतो की तळाची फरशी न् फरशी मोजून घे. मग मात्र डोकं घालायचं. मुंगीनं पुष्कळ विचार करून हो म्हटलं होतं.

आणि आज शुक्रवार उजाडला तर नळीत शून्य.

आजोबांनी एक माप टाकलं. तासाभरानं तपासलं, शून्य. दोन मापं टाकली. पुन्हा शून्य. पाणी तसं आरशासारखं दिसत होतं, पण दिसण्यावर आजोबांचा विश्वास नव्हता.

"अहो, डोळे चुरचुरतायत माझे इथं बसून," आजी म्हणाली.

"पाण्यात जंतू झाले की तसं होतं. क्लोरीन कमी पडतंय."

दुपारी दोरीवरचा जावयाचा निळाभोर टॉवेल वाऱ्यानं तलावात पडला. आजीनं काठीनं ओढून बाहेर काढेपर्यंत त्याचा रंग पार उडाला होता. तिनं तो आजोबांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा! आता तरी खात्री पटली?"

"कच्चा रंग," आजोबा म्हणाले. "आजकाल कापडच असलं मिळतं." आणि त्यांनी अजून दोन मापं टाकली.

संध्याकाळी आजोबा काठावरून आत आले तेव्हा त्यांचे डोळे लालबुंद झाले होते. लेकीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ मिस्त्रीला फोन लावला. हा तलाव त्यानंच बांधला होता. शनिवारी सकाळी मिस्त्री हजर झाला, फाटकापाशीच थबकला आणि त्यानं रुमाल काढून नाकाला लावला.

"काका, केलंय काय हे?"

"तलावात क्लोरीन टिकत नाहीये," आजोबांनी वही उघडून दाखवली. "सलग चोवीस तास शून्य!"

मिस्त्रीनं वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं बादलीत एक वाटी तलावाचं पाणी घेतलं, त्यात नऊ वाट्या पिण्याचं पाणी ओतलं, ढवळलं, नळी भरली आणि पाच थेंब टाकले. नळी अशी गर्द गुलाबी झाली की आजीनं तोंडात बोट घातलं.

"क्लोरीन नसलं की रंग येत नाही, बरोबर," मिस्त्री म्हणाला. "पण क्लोरीन भरमसाट झालं की ते रंगच खाऊन टाकतं. दोरीवरच्या त्या टॉवेलचा खाल्लेला दिसतोय तसा. तुम्ही शून्य म्हणून टाकत गेलात, आणि ते टाकलं म्हणून शून्य येत गेलं."

आजोबा खाली बसले.

"तरी एक माप रोज म्हटलं तर काल सकाळपर्यंत एवढं व्हायला नको होतं," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "अजून कोण टाकत होतं?"

लेक एकदम दोरीवरचे कपडे काढायला लागली. मग हळूच म्हणाली, "मी पहाटे एक माप टाकत होते. बाबा विसरतील म्हणून."

"मी विसरेन?"

"आणि मी दुपारी, हे झोपले की," आजी म्हणाली. "पोरीच्या नाकातोंडात पाणी जाणार. म्हटलं, स्वच्छ असलेलं बरं. मी आपली दोन टाकत होते."

पाण्याची काळजी घरात कुणाला कमी नव्हती.

"आता ह्या पाण्याच्या नादी लागू नका," मिस्त्रीनं निकाल दिला. "क्लोरीन मारायचं औषध टाकतो, मग पंप लावून सगळं सोडून देतो. तलाव धुऊ, नवं पाणी भरू. पण बागेच्या पाइपनं भरायला दोन दिवस तरी लागतील. उद्या पोहणं विसरा."

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. दुकानात चाळीस वर्षांत एक चुकीची बाटली हातून गेली नव्हती, आणि आता नातीला दिलेला एक शब्द गेला होता. त्यांना खरोखर फार वाईट वाटलं. त्यांनी जाऊन मुंगीला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तलाव रिकामा?" मुंगीनं विचारलं. "आत उतरता येईल?"

तलाव धुऊन झाला तशी ती शिडीनं खाली गेली. हात लावून लावून सगळ्या फरश्या पाहिल्या, तळाची जाळी पाहिली, तिच्यातून काहीही येऊ शकत नाही याची खात्री करून घेतली. मग पाइप सुरू झाला आणि ती त्याच्या धारेशी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत पाणी घोट्यापर्यंत आलं. रविवारी सकाळी ते गुडघ्याला लागलं आणि दुपारी कमरेला. पाण्यात उतरायचा प्रश्नच आला नाही. मुंगी आतच होती, पाणी तिच्याकडे आलं होतं.

आजोबा पायजमा दुमडून तिच्या सोबतीला उभे होते. एकाएकी मुंगी नाक चिमटीत धरून खाली बसली आणि दिसेनाशी झाली. आजोबा ओरडणार तोच ती वर आली, केसांतून पाणी निथळत.

"आजोबा, पाइप आत गाणं म्हणतोय! ऐका ना."

"मी? मला वरून येतंय ऐकू."

"वरून नाही येत. डोकं घालावं लागतं."

आजोबांनी काठावरच्या आजीकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांत या माणसानं पाण्याखाली एकदाही डोकं घातलेलं नाही, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि पदराआड हसू लपवलं.

"नाक धरा," मुंगी सांगत होती. "डोळे मिटले तरी चालतात. माझा हात धरा, मी आहे ना."

आजोबांनी चष्मा काढून काठावर ठेवला, नाक धरलं, हात धरला आणि गुडघे वाकवले. एक क्षण नुसतं टक्कल दिसलं, मग तेही नाही. मग खोकत, फुरफुरत ते वर आले.

"आलं ऐकू?"

"नाही बुवा."

"कसं येईल? लगेच वर आलात. चला, परत."

आणि आजोबा परत गेले.