अव्वा, जरा हसा की!

पाहुणा येवो, पोलीस येवो नाहीतर वादळ येवो, त्या घरात शिरायच्या आधी गौरम्माला विचारावं लागायचं! तेव्हा नात शिवलीलाच्या परीक्षेच्या ॲपवर पालक म्हणून फोटो कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. लेक भीमाशंकर केस विंचरून पुढं झाला होता. गौरम्मानं त्याला तिथंच झाडलं. "घर कुणाचं? मग फोटू कुणाचा?" त्याच तावात तिचा फोटो निघाला.

परीक्षा लातूरच्या क्लासची. पास झाली तर शिकवणी फुकट. न्हाई तर शिवलीलासाठी स्थळं बघायची, असं भीमाशंकरनं ठरवूनच टाकलेलं. अट एकच. अकराच्या आत पालकानं फोनला तोंड दाखवायचं, तरच पेपर उघडणार!

"त्यात काय? गाव वळखतं मला, फोन वळखीना व्हय?" म्हणत गौरम्मा, शिवलीलाची अव्वा, ऐटीत बसली.

फोनमधनं भारदस्त बाप्याचा आवाज आला, "कृपया थोडं जवळ या."

अव्वानं सर्रकन पदर नाकापर्यंत ओढला.

"चेहरा झाकू नका."

"कोण हाय गं ह्यो मेला?"

"अव्वा, मशीन हाय ती! पदर सोडा."

"मशीनला मिशीवाल्याचा आवाज कशाला लागतो?"

"आता हसा," फोन म्हणाला.

"अगं, तुझे आजोबा जल्मभर राहिले माझ्यासंगं, पर हस म्हणायची छाती न्हाई झाली त्यांची!"

"आता डोळे मिचकवा."

झालं! अव्वा चप्पल शोधायला उठली.

"अव्वा, पाया पडते! पाचच मिनिटं राहिली!" शिवलीलाचा आवाज चिरकला. डोळे भरलेले.

नातीकडं बघून अव्वा मुकाट्यानं बसली. डोळे मिचकवले. मग हसलीसुद्धा! पण ते हसू लग्नात शेजारणीकडनं मागून आणलेल्या दागिन्यासारखं. बसतच नव्हतं तोंडावर.

"चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

उजेड कमी पडला असेल म्हणून दोघी फोन घेऊन खिडकीशी गेल्या. पुन्हा मिचकवणं, पुन्हा हसणं. "चेहरा जुळत नाही." दोनच मिनिटं उरली! शिवलीला नखं खाऊ लागली.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. उदगीर नवा जिल्हा होणार का, यावर रोज भांडणारी गल्ली एका पाइपापाशी गोळा झाली. आणि समोरच्या चांगुणानं अव्वाची घागर पायानं बाजूला सरकवली!

"ए चांगुणे! हात मोडले व्हते का घागर उचलायला? का नुसते हळद लावायला ठेवलेत?" अव्वाचे डोळे बटाट्याएवढे, नाक आभाळात, कपाळावर नांगरट!

"ओळख पटली. धन्यवाद!" फोन त्याच भारदस्त आवाजात म्हणाला. "परीक्षा सुरू. बोलण्याचा आवाज आल्यास परीक्षा रद्द होईल. पालकांनी जागा सोडू नये."

शिवलीलानं खिडकीची काच धाडकन लावली आणि पेपरात डोकं घातलं.

अव्वानं पुढचं वाक्य तसंच गिळलं. काचेपलीकडं चांगुणा कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभी. तिनं खुणेनंच विचारलं, तुमच्या नंबरात भरू का? अव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चांगुणानं भीतभीत एक घागर भरली. मग दुसरी. मग घरातनं पिंप आणलं!

पेपर झक्क गेला. शिवलीला अव्वाच्या गळ्यातच पडली. पण दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं होतं, "गौरम्मा लई निवळली बघा आता, तोंडातनं शब्द न्हाई!"

ही बदनामी पुसून काढायला बिचारीला पुढचा अख्खा आठवडा घसा फोडावा लागला.