सदाभाऊंची आकडी

सदाभाऊ एक लांब लोखंडी आकडी उशाशी घेऊन झोपत. बाजाराला जाताना ती खांद्यावर, लग्नाला जाताना खांद्यावर. वरमाईनं एकदा चुकून तिलाही कुंकू लावलं, तर स्वारी दिवसभर खुशीत होती.

आमच्या गावचा तलाव मोठा. त्याच्या बांधातून, म्हणजे पाळीतून, पाणी सोडायची जी दगडी मोरी, तिला इकडे तुडूम म्हणतात. तुडुमाच्या भोकात लाकडी बूच, आणि ते बूच ओढायची ही आकडी. गावच्या जमीनदारांनी, म्हणजे मालगुजारांनी, ती सदाभाऊंच्या हाती दिली होती. पुढे मालगुजारी गेली, मालगुजार नागपूरला गेले, आकडी मात्र सदाभाऊंकडेच राहिली.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं असलं की सारा गाव त्यांच्या अंगणात जमे. "पानी सोडा जी!" सदाभाऊ सुपारी कातरत आधी साफ नाही म्हणत. लोक गयावया करत, चहा होई, गप्पा रंगत आणि सकाळी पाणी सुटे. पाणी कधी अडलं नाही, पण ही विनवणीही कधी चुकली नाही.

मी तिथला शाळामास्तर. माझ्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता, आणि बातम्यांना सदाभाऊ हटकून हजर. जगात कुठंही भांडण लागो, त्यांचा प्रश्न एकच: "तुडूम कोनाजवळ हाय, ते सांगा गुरुजी!" अमेरिकेजवळ पैशाचं तुडूम, रशियाजवळ फौजेचं, हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. पण खरा भरवसा इंग्रजावर. इथून गेला तरी समुद्राचं तुडूम त्यानं सोडलेलं नाही, असं ते ठासून सांगत.

आणि छप्पन साली इजिप्तनं सुएझचा कालवाच ताब्यात घेतला! काय सांगू, सदाभाऊ माझ्या ओसरीवर अक्षरशः नाचले. "दुसऱ्याच्या तुडुमाले हात लावला! आता पाहा इंग्रज काय करते ते!" मी भिंतीवर कोळशानं कालवा काढून दाखवला. दोघांनाही घरदार सुचेना.

नेमका त्याच हंगामात नव्या सरपंचाचा कोतवालाकरवी निरोप आला: आकडी पंचायतीत जमा करा. आता पाणी पंचायतच सोडणार म्हणून अंगणात विनवणीला कोणी फिरकलं नाही. सदाभाऊंच्या हे फार जिव्हारी लागलं. तेवढ्यात रेडिओ म्हणाला, इंग्रज आणि फ्रेंच फौजा कालव्यावर उतरल्या! सदाभाऊंनी आकडी जमिनीवर आपटली. "इंग्रज मागं हटत नाई, तं मी काऊन हटू? नाई सुटत पानी!"

त्यांचा नकार पहिल्यांदाच सकाळनंतरही टिकला. धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आधीच तडकू लागली होती. पाळीवर सरपंच आणि शेतकऱ्यांची तूतूमैंमैं चाललेली. तलावात रोज मासे धरणारा गोमाजी ती ऐकून वैतागला, त्यानं जाळं बाजूला ठेवलं, बुडी मारली आणि हातानंच बूच उपटून वर आला.

पाणी धो धो सुटलं. "येवढंच होतं?" कोणीतरी म्हणालं. बूच हातानंही निघेल हे कोणालाही कळण्यासारखं होतं, पण सदाभाऊंना विचारल्याशिवाय ते काढायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. सदाभाऊ आकडी घेऊन पाळीवरून धावत आले. त्यांच्यावर रागवायलाही कोणाला सवड नव्हती, जो तो आपल्या बांधीकडे पळत होता.

संध्याकाळी बातमी आली. अमेरिका संतापली, रशियानं दम दिला, इंग्रजानं लढाई थांबवली. मी आनंदानं उडी मारणार होतो, पण सदाभाऊंकडे पाहिलं आणि बसून राहिलो. आकडीवरून हात फिरवत ते म्हणाले, "गुरुजी, इंग्रजाच्या अंगनात आता कोन येत असन जी?"

मला फार वाईट वाटलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर सिरोंच्याला दिलेली. वर्षातून त्या विनवणीच्या दिवसांतच त्यांच्या चुलीवर चार माणसांचा चहा होई.

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या आधी मी रेडिओ उचलला, जड बॅटरी गोमाजीच्या डोक्यावर दिली आणि सदाभाऊंच्या अंगणात जाऊन ठाण मांडलं. बातम्यांपायी अर्धा गाव मागोमाग आला. पण रेडिओ नुसता खरखरे, कारण एरियलची तार बांधायला उंच काही नव्हतं. सदाभाऊ घाईनं आत गेले, आकडी घेऊन आले आणि ती छपरावर उभी रोवली. मग एकदम लाजून म्हणाले, "पंचायतीले पाह्यजे होती नं हे?"

"राहू द्या जी," गोमाजी म्हणाला. "हे इथीच लागते. आमी रोज येऊन राह्यलो आता."

सदाभाऊंनी तोंड फिरवलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.