डोमाजीभाऊंचं तेंदूपान

डोमाजीभाऊ कंपाउंडरांच्या खिशात तेंदूची वाळकी पानं कायम असायची. सकाळी वॉर्डात आले की चोरपावलांनी एकेका रोग्याच्या मागे जायचे, कानाशी पान चुरगाळायचे आणि विचारायचे, "आयकू आलं काय?"

चांदा जिल्ह्यातल्या त्या जंगलातल्या दवाखान्यात मी तेव्हा कारकून होतो. क्षयावरची नवी सुई नुकतीच आली होती. तिनं मरणाला टेकलेली माणसं उठून बसत, पण एखाद्याचे कान कायमचे जात. पानाचा बारीक आवाज सगळ्यात आधी हरवतो, हा भाऊंचा शोध. "औषध काय देते थे सारेच पाह्यते. काय नेते थे कोनी पाह्यते काय?" असं म्हणत ते रोज प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहीत: आलं, किंवा नाही.

रोग्यांना वाटे, पान हाही उपचारच. भाऊ एखाद्याला विसरले तर "माह्यं पान राह्यलं जी" अशी हाक येई. शिवाय भाऊंना "नाई" म्हणायचं कसं? सगळे आपले "आलं जी" म्हणत. भाऊंना संशय आला. एका सकाळी त्यांनी रिकाम्या हातानंच विचारलं. अख्खा वॉर्ड म्हणाला, "आलं जी!" मी हसून हसून बेजार; भाऊ मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून विचारणं बंद. पान चुरगाळायचं आणि मान वळते का ते बघायचं.

एटापल्लीकडचा लालसू रानडुकरांपासून धान राखायचा. एक दिवस त्याची मान वळली नाही. भाऊ तडक डॉक्टरांकडे गेले.

"सुई थांबवली तर मरेल तो," डॉक्टर चिडले.

"कमी तं करा साहेब! बहिरा मानूस डुकरं कसा हाकलन?"

डॉक्टरांनी कुरकुरत सुई कमी केली. लालसूचे उरलेले कान वाचले, आणि तोही वाचला.

मोह फुलला होता त्या दिवसांत एका कागदावर सही घ्यायला मी भाऊंच्या घरी गेलो. अंगणभर गोड, गुंगवणारा वास होता. त्यांची बायको सकूबाई आमच्याकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत होती. झाडाच्या सावलीत उभं राहून भाऊंनी पान चुरगाळलं. तिची मान हलली नाही.

"हिले थेच सुई मीच देल्ली," ते म्हणाले. "सांगे, कानात रातकिडे बोलून राह्यले. मले वाटलं, जंगल हाय, बोलतच असतीन."

भाऊंनी दुसरं पान काढलं आणि ते एक पाऊल पुढे, उन्हात आले. त्यांची सावली सुपात पडली.

सकूबाई वळून हसली. "आलं, आलं आयकू!"

साऱ्या वॉर्डाचं खोटं पकडणाऱ्या भाऊंनी सुपातल्या सावलीकडे पाहिलं. मग वही काढली आणि तिच्या नावापुढे सावकाश लिहिलं: आलं.