शांत केलेली मोटार

सुज्ञ वाचकहो, मोटारीचा आवाज ऐकून तिची व्याधी सांगणारा मनुष्य मिरजेत एकच होता, आणि तो मीच! माझे शालेय शिक्षण नववीत खंडित झाले असले, तरी चाळीस वर्षांच्या गॅरेजने जे दिले ते ग्रंथांत नाही. म्हणूनच पुतण्याकडे शिकागोस निघताना मी सर्वांस सांगितले होते, "अमेरिकेच्या यंत्रविद्येत माझ्या हातून काहीतरी भर पडेल."

माझा पुतण्या ऋषी तेथील विद्यापीठात प्रबंध लिहीत होता. विषय असा, की आरंभीच्या मोटारींची थरथर व खडखड पुढे कशी नाहीशी झाली. त्यासाठी एका वृद्ध गृहस्थांनी आपली एकशे बारा वर्षांची मोटार चार दिवस दिली होती. सोमवारी त्याच्या मार्गदर्शक कॅरलबाई तिची परीक्षा घेणार होत्या. ती पार पडली तर पदवी, आणि पदवी मिळाली तर चँडलर शहरातील मोटारकंपनीत नोकरी.

शनिवारी ऋषीने मोटार सुरू केली. जणू लग्नाच्या पंगतीची भांडी घेऊन बैलगाडी घाट उतरत होती!

"कसला आवाज आहे ना काका!" तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. मला ते अश्रू वाटले.

तो माझ्या पत्नीस, सुमित्रेस, घेऊन डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा आणावयास गेला आणि मी स्वयंपाकघरातून लाटणे आणले. एक टोक यंत्रावर, दुसरे कानाशी. वाकताना सुपारीचा पितळी डबा टोचू लागला, म्हणून तो खिशातून काढून ठेवला. सोळा दुखऱ्या जागा सापडल्या. सैल नट आवळले. ऋषीसाठीच आणलेल्या गोधडीचे तुकडे बॉनेटखाली घातले, मडगार्डांना जुन्या ट्यूबचे रबर लावले, आणि मागच्या आसनाखाली सुमित्रेची शाल कोंबली.

दोघे परतले. ऋषीने कान टवकारले.

"काका, गाडी बंद पडली?"

"सुरूच आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

तो पायरीवर मटकन बसला. "काका, तो आवाजच तर मोजायचा होता! आधी आहे तसा, मग एकेक रबर बसवून. आता 'आधी' कुठून आणू?"

"रोगच गेला, तर तो मोजायचा कशाला?"

"यार काका, माझी डिग्री आहे ती!"

"आणि माझी शाल कुठंय?" सुमित्रा म्हणाली.

दुरुस्ती केल्याबद्दल क्षमा मागण्याचा प्रसंग मजवर आयुष्यात प्रथमच आला.

रविवारी उलट काम आरंभले. शाल, गोधडी, रबर, सर्व ओढून काढले.

"आता नट. कुठला किती ढिला होता?" ऋषीने विचारले.

"ढिलाईची नोंद कोण ठेवतो?"

"मी ठेवलीय!" त्याने वही उघडली. "डावा मडगार्ड, पाव फेरा."

"झाला."

"उलट, काका! सैल करायचाय!"

सवयीचा हात आवळीतच होता. दुपारपर्यंत खडखडाट पूर्ववत झाला. माझा डबा मात्र कोठे दिसेना. सुमित्रेने देवास साखर ठेवली.

सोमवारी विद्यापीठाच्या मोकळ्या वाहनतळावर ऋषी मोटार चालवू लागला. शेजारी कॅरलबाई संगणक घेऊन, मागे मी. सर्व आवाज हजर होते. परंतु प्रत्येक वळणावर एक जास्तीचा येई. टण्ण! पडद्यावरील रेघ ताडासारखी उभी राही.

"हा आवाज तुझ्या वहीत नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा उगम सापडेपर्यंत मी सही करणार नाही."

ऋषीने वळून पाहिले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, तुमचा कान तयार आहे. काही अंदाज?"

माझा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. आणखी दोन वळणे गेली. टण्ण! टण्ण!

"अंदाज नाही, खात्री आहे," अखेर मी म्हणालो. "मोटार थांबव. मी बसलोय त्या आसनाखाली हात घाल. जपून, आत अडकित्ता आहे."

डबा काढून पुन्हा मोजणी झाली, आणि बाईंनी हसत सही केली. त्या प्रबंधाच्या एकाहत्तराव्या पानावर एक आलेख आहे. त्यातील सर्वांत उंच रेघेपाशी छापले आहे, 'पितळी डबा, मिरज'.

माझे नाव नाही. यंत्रविद्येत भर पडली, एवढे मी मिरजेस कळविले आहे. कोणती, हे सुदैवाने अद्याप कोणी विचारलेले नाही.