नेमीचंदकाका आणि बोलतं खोकं

नेमीचंदकाका दाढी करायला बसले की वस्तरा गालाला लागण्याआधी न्हाव्याचा हात धरत. सुरुवात कुठून करणार, कानाजवळ काय करणार, मिशीला किती हात लावणार, हे त्याने आधी सांगायचे. न्हावी वर्षानुवर्षे तोच आणि गालही तेच. तरी दर खेपेला तो सगळे सांगे. मग काका मान डोलवत. "मालूम झालं. आता चालव."

केनवडच्या पलीकडे आमचे गाव. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता; आमचा कारभार अकोल्याहून चाले. गावात जैनांची दोन-चार घरे होती, त्यातले एक काकांचे. घराच्या पुढच्या भागात किराण्याचे दुकान. दुकानातही न्याय तोच. गिऱ्हाइकाने तुरीची डाळ मागितली की काका आधी सांगत, "यंदाच्या दायीत खडे हायत. मालूम असून घ्याची असंन त घे." मीठ ओलसर असेल तर तेही सांगत. अर्धी गिऱ्हाइके त्यामुळे केनवडच्या बाजारात जात आणि तिथून खडे असलेलीच डाळ, न सांगता दिलेली, घेऊन येत.

लग्नात त्यांनी अंतरपाटाच्या अलीकडून नवरीला विचारले होते, तुमची मर्जी आहे ना? ही गोष्ट काकू स्वतः सांगत. "म्या मान हालवली. त हे म्हन्ते, मान दिसली नाही, तोंडानं सांगा. भटजी घड्याळ पाहून राह्यला, माहे मामा लाल झाले. म्या म्हनलं, आता हो म्हन्तो, नाहीतर हा मानूस उद्यापरेंत इचारत बसन."

कोणी त्यांना हट्टी म्हटले की काकांचे उत्तर ठरलेले असे. "हो म्हनायले माह्यं काय जाते? पन कायले हो म्हनलं, ते त मालूम पाहिजे."

शाळेची पालकसभा त्यांनी कधी चुकवली नाही. पहिल्या रांगेत, टोपी नीट बसवून, ते हजर असत आणि हेडमास्तरांना घाम फोडत. सहल कुठल्या रस्त्याने जाणार, दुधाची भुकटी कशापासून होते, असे त्यांचे प्रश्न. मी त्या काळी अकोल्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. पालकसभेला जाण्याचे माझे मुख्य कारण काकाच होते.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा शाळेत ते यंत्र आले. सरकारने एका कंपनीकडून अशी यंत्रे घेऊन निवडक शाळांना द्यायचे ठरवले होते. करड्या रंगाची पेटी, झाकणाला शिशाचे सील. मुलाने कानाला हेडफोन लावायचे, पेटी प्रश्न विचारणार, मुलाने उत्तर द्यायचे. उत्तर बाजूच्या कप्प्यातल्या फितीवर उमटे आणि पुन्हा ऐकता येई. गावाने त्याला नाव दिले, बोलतं खोकं.

महिनाभर ते चाचणी म्हणून ठेवले होते. त्या महिन्यात एक गोष्ट घडली. शेवंताबाईची मुलगी मंदा चौथीत होती. ती इतकी अडखळे की वर्गात तोंडच उघडत नसे. खोक्यापुढे मात्र ती बोलली. खोके घाई करत नव्हते आणि हसतही नव्हते. शेवंताबाई मोलमजुरी करणारी, नवरा नसलेली बाई. हेडमास्तरांनी तिला मुलीचा आवाज फितीवर ऐकवला, तेव्हा ती दोनदा म्हणाली, "हे मंदीच हाय?"

महिना संपला आणि जिल्ह्याचे साहेब जीपमधून कागद घेऊन आले. पालकांनी संमती दिली तर खोके राहणार, नाही तर त्याच जीपमधून आसेगावकडच्या शाळेत जाणार. सभा भरली. साहेबांनी शाईची पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काही नाही, फक्त अंगठे लावायचे आहेत."

सरकारी माणूस आणि अंगठा हे दोन शब्द एकत्र ऐकताच मागच्या रांगेतले पुरुष उठले. आणीबाणीत अंगठे घेऊन नसबंदीसारखे काय काय झाले ते कोणी विसरले नव्हते. दोघे-तिघे थेट शेताकडे निघाले. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"कागद वाचून दाखवा, साहेब."

"इंग्रजीत आहे. किचकट आहे."

"मंग मराठीत किचकट वाचा. आमाले सवय हाय."

हेडमास्तरांनी चष्मा पुसून एकेक वाक्य मराठीत सांगायला सुरुवात केली. यंत्र आणि त्यातील सर्व रचना कंपनीच्याच मालकीची राहील.

"पैसा कोनाचा?" काकांनी विचारले.

"सरकारचा," साहेब म्हणाले.

"म्हन्जे आपला. अन् मालकी कंपनीची."

"तशी पद्धत आहे."

"असू द्या. मालूम झालं. पुढं?"

सील कोणी तोडू नये. यंत्र बिघडल्यास मुंबईहून कंपनीचा माणूस येईल.

"पावसाळ्यात आपल्या गावाले येष्टी येत नाही, हे त्या मानसाले मालूम हाय काय?"

लोक हसले. साहेबही थोडे हसले. पुढचे वाक्य वाचताना हेडमास्तर थांबले. मुलांच्या आवाजाच्या फिती कंपनीकडे जमा होतील आणि कंपनी त्यांचा योग्य तो वापर करील.

"कोन आयकन तिथं?" काकांनी विचारले. "योग्य म्हन्जे कसा? पोरगं मोठं झालं अन् म्हनलं माहा आवाज वापस द्या, त भेटन काय?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. "सही नसेल तर तसे सांगा. मला पुढे जायचे आहे."

शेवंताबाई उठली. तिचा आवाज चढला होता. "पुरे करा, काका. तुमच्या इचारन्यापायी खोकं गेलं त माह्या पोरीनं कोनासंग बोलावं? तुमाले काय, तुमचं कोन हाय शायेत?"

काकांना मूलबाळच नव्हते, मग शाळेत कोण असणार? गावाला ते ठाऊक होते आणि आजवर कोणी तोंडावर बोलले नव्हते. काकांनी मान खाली घातली. "खरं हाय," एवढेच म्हणाले.

साहेबांनी शाईची पेटी शेवंताबाईकडे सरकवली. तिने अंगठा बुडवला, कागदावर नेला आणि तिथेच थांबवला.

"साहेब, मंदीचा आवाज वापस भेटन ना?"

"बाई, ते कागदात नाही."

शाईचा थेंब टेबलावर पडला. मग तिने मान वळवली. "काका, इचारा ना साहेबाले."

"मी कोन इचारनारा, बाई? माह्यं कोनी नाही शायेत."

शेवंताबाईने मंदाला दंडाला धरून पुढे आणले. "मंग हे कोन हाय? तुमचीच समजा अन् इचारा."

काका उठले. टोपी सरळ करायचे राहून गेले. या वेळी त्यांनी प्रश्न विचारले नाहीत, मागणी केली. फिती शाळेच्या कपाटात राहाव्यात. आईबापाने सांगितले तर पुसाव्यात. आणि हे मराठीत लिहून द्यावे.

साहेबांनी विचार केला. "खोक्याची मालकी आणि सील माझ्या हातात नाही. फितीचे मी लिहून देतो. वर कोणी विचारले तर उत्तर मी देईन." त्यांनी कागदाच्या मागे तसे लिहिले, सही केली, मग चहा मागवला. चहा पिताना म्हणाले, की इतक्या शाळा फिरलो, पण हा कागद पुरता आजच ऐकला. शेताकडे गेलेले पुरुष परत येऊन मागच्या रांगेत बसले. हेडमास्तरांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले. सभेत प्रथमच सगळे एकदम बोलू लागले.

"मंदीच्या नावापुढं तुमीच सही करा," शेवंताबाई म्हणाली. "वाचून करनारा एक त पायजे."

काकांनी टाक घेतला आणि परत ठेवला. ते मंदापुढे उकिडवे बसले.

"आवाज तुहा हाय, बाई. तुले खोक्यासंग बोलाचं काय? नाही म्हनलं तरी चालते. कोनी रागावनार नाही."

मंदाचे ओठ मिटले आणि हनुवटी हलू लागली. हेडमास्तर तिच्या वतीने बोलणार होते. काकांनी हात वर करून त्यांना थांबवले. साहेबांनी कप खाली ठेवला. काका तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, मुलीला वेळ हवा तेवढा देत.

"बो... बोलाचं," मंदा म्हणाली. "पन तुमी... तुमी बाजूले बसा."

"बसतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीनंतर किराण्याचे दुकान काही वेळ बंद राहू लागले. गिऱ्हाइके ओट्यावर बसून असत. काका कुठे गेले, हे त्यांना काकूंना विचारावे लागत नसे.